जोगतळ्यावरचा दहीभात

केशव वैजापूरकर वैजापुरात कधीच राहिला नाही. त्याचे आजोबा तिथं पूजा सांगायचे, तेवढाच काय तो संबंध, पण आडनाव चिकटलं ते चिकटलं. केशवचा जन्म इथला, संभाजीनगरचा, आणि नोकरीही इथलीच, पाटबंधारे खात्यात कारकुनाची. कुठल्या तलावात किती पाणी आहे ते त्यानं सगळी हयात टेबलाशी बसून लिहिलं आणि त्यातला एकही तलाव डोळ्यांनी पाहिला नाही. निरोपाच्या दिवशी त्याला शाल मिळाली, नारळ मिळाला. मी शेजारी म्हणून गेलो होतो. त्याच्या कानाशी लागून म्हणालो, “लेका, आता तरी एखाद्या तळ्यात पाय बुडव. वर गेल्यावर विचारतील, पाणी कसं असतं, तर काय फाईल दाखवशील?”

हे त्याला लागलं. चेष्टा लागून घेण्याचा त्याचा स्वभावच आहे, म्हणून तर ती करायला मजा येते. पुढच्याच महिन्यात त्यानं शहागंजातून कॅनव्हासचे बूट आणले, मुलाची शाळेतली सॅक माळ्यावरून काढून धुतली, आणि दर रविवारी डोंगरातली तळी बघायला निघू लागला. बरोबर मी, कारण गाडी माझी. केशवला गाडी चालवता येत नाही. एकदा शिकायला गेला होता, पण शिकवणाऱ्यानंच शिकवणं सोडलं, असं आमच्या कॉलनीत म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो.

फिरता फिरता आम्हाला जोगतळं सापडलं. कन्नडच्या पुढं सातमाळ्याच्या रांगेत एक छोटी वाडी आहे. तिच्या मागून पायवाट चढते. आधी सागाचं रान, मग उघडा माळ, आणि माळ संपतो तिथं एकाएकी खाली बशीत ओतल्यासारखं पाणी. टिबुकल्या, म्हणजे बदकाहून लहान पाणपक्षी, बुड्या मारत असतात. पलीकडच्या काठाला रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप उतरतो, नर काळेनिळे, माद्या मातकट. चिखलात कधी बिबट्याचा पंजा उमटलेला दिसतो, आणि तो दिसला की केशव उरलेली सगळी वाट माझ्या पुढं चालतो. मागं राहिलेल्याला बिबट्या आधी धरतो हे त्याचं शास्त्र.

पण खोटं कशाला बोलू, त्या तळ्यानं माणूस बदलला. नोकरीत असताना घरी आल्यावर भिंतीकडं तोंड करून पडणारा हा माणूस गुरुवारपासून रविवारची भाषा बोलायला लागला.

त्याची बायको उमा, म्हणजे आमच्या उमावहिनी. बाई सरळ, पण देवाधर्माच्या बाबतीत घट्ट. त्यांचा मुलगा केयूर पुण्याला नोकरीत, सून वैदेही. लग्नानंतर वैदेहीला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पोटातच सगळं संपलं. दुसऱ्या वेळी वहिनी पुण्याहून परत आल्या तेव्हा आठवडाभर बोलल्या नाहीत. मग एका रविवारी आमच्याबरोबर जोगतळ्यावर आल्या. दुखऱ्या गुडघ्यानं, बसत उठत चढल्या. पाण्यात उभं राहून त्यांनी साती आसरांना नवस बोलला. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात देवता. मूल देतात, नेतातही, असं आपल्याकडं मानतात. नवस असा की, वैदेहीच्या मांडीवर मूल येईपर्यंत दर रविवारी याच काठावर दहीभाताचा नैवेद्य. आसरांचा नैवेद्य घरी परत आणायचा नसतो. तिथंच ठेवायचा आणि मागं न बघता निघायचं. वहिनींना दर रविवारी चढणं शक्य नव्हतं, म्हणून डबा केशवच्या सॅकमध्ये आला.

केशवनं त्यात एक भर घातली, स्वतःच्या डोक्यानं. नैवेद्य घंटेशिवाय दाखवायचा नाही हा त्याच्या आजोबांचा दंडक. पहिल्या रविवारी घंटा घरी राहिली. मग यानं स्टीलच्या डब्यावर चमचा वाजवला, टण टण टण, आणि भात एका काळ्या दगडावर काढून ठेवला. पुढच्या रविवारी म्हणाला, घंटेचं ओझं कशाला, चमचा आहेच.

मागं बघायचं नसतं, पण मी आसरांना काही बोललो नव्हतो. मी बघितलं. उंबरावरून एक दांडगा काळतोंड्या वानर उतरला, कळपाचा म्होरक्या, हुप्प्या म्हणतात तसला. त्यानं शेपटी वर करून दगडाला एक फेरी मारली आणि दोन्ही हातांनी दहीभात चापला. मागं माद्या, पोटाला पिल्लं.

संध्याकाळी वहिनींनी विचारलं, “आल्या का?”

“आल्या,” केशव म्हणाला. “वानरांच्या रूपानं आल्या. सगळं संपवलं.”

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणालो, “वहिनी, आसरा बायका असतात ना? पुढं होता त्याला दाढी होती.”

“भावजी, तुम्ही गाडी चालवा,” त्या म्हणाल्या. “देवाचं आम्ही बघतो.”

दोन वर्षं हे चाललं. दर रविवारी संध्याकाळी तोच प्रश्न, तेच उत्तर. आणि यंदा पावसाळ्याच्या तोंडाला पुण्याहून फोन आला की वैदेहीला दिवस गेलेत. या वेळी टिकलं. तिसरा महिना गेला, पाचवा गेला. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. वहिनी दहीभात कालवताना कोणाशी बोलेनाशा झाल्या.

आता द्वारकाबाईंबद्दल सांगायला हवं. त्या वाडीतल्या. साठीच्या, उंच, काटक. तळ्याच्या काठानं शेळ्या चारायच्या आणि दुपारी उंबराखाली बसून भाकर खायच्या. रविवारी आम्ही नैवेद्य ठेवून उतरायला लागलो की त्या शेळ्या घेऊन चढत असायच्या, आणि वाटेत आम्हाला ताक द्यायच्या. गेल्या दिवाळीत वहिनींनी त्यांना एका स्टीलच्या डब्यात लाडू पाठवले आणि निरोप दिला की डबा परत करू नका, तुम्हालाच ठेवा. द्वारकाबाईंना त्याचं कोण कौतुक. तोवर त्या भाकर फडक्यात बांधून नेत. त्या दिवसापासून डब्यात नेऊ लागल्या.

यंदाच्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही डोंगर उतरून वाडीत आलो, तर द्वारकाबाई ओट्यावर बसलेल्या, उजव्या हाताला प्लास्टर.

“काय झालं?” केशवनं विचारलं.

“वानरांनी पाडलं, भाऊ. डबा उघडला की कसं कळतं त्यांना कुणास ठाव. फडक्यात भाकर व्हती तवर एक बी जवळ येत नव्हतं. आता झाकण वाजलं की झाडावरून गारा पडल्यावानी पडत्यात. बुधवारी त्या हुप्प्यानं डबाच वढला. मी सोडंना. गेले खडकावर.”

“सोडायचा ना डबा,” मी म्हणालो.

“वा. ताईनं दिल्याला डबा हाय. सोडीन कशी?”

त्यांचा मुलगा साहेबराव चहा घेऊन आला. वाळूजला कंपनीत जातो, मोटरसायकलवर. त्या दिवशी सुट्टी होती. तो म्हणाला, “कुणीतरी शहरातलं सोकावून ठेवलंय त्यांना. काल ती शाळंच्या भिंतीवर येऊन बसली. पोरांच्या थाळ्या वाजल्या की येत्यात. एखाद्या लेकराला धरलं म्हंजे? मी पकडणारी माणसं बोलवणार हाय. आणि तो खायला घालणारा गावू द्या एकदा, तंगडं मोडून हातात देतो.”

“द्यायलाच पाहिजे,” केशव म्हणाला.

त्याच्या पाठीवरच्या सॅकमध्ये रिकामा डबा होता, चमच्यासकट. तो सॅक भिंतीला दाबून बसला, चमचा हलू नये म्हणून. चहा त्यानं एका घोटात प्यायला. जीभ भाजली असणार, पण तसं दाखवलं नाही.

गाडीत बसल्यावर त्यानं सॅक मांडीवर घेतली. वेरूळ मागं पडल्यावर म्हणाला, “चमच्यामुळं झालं.”

“चमच्यामुळं कसं? चमचा आपण होऊन वाजला?”

“माझ्यामुळं झालं.”

“मग बंद कर.”

“वैदेहीला सातवा लागलाय. आता बंद करू? उमाला काय सांगू?”

“जे आहे ते सांग.”

“ती ऐकेल. मानही डोलावेल. आणि काही वेडंवाकडं झालं तर जन्मभर माझ्याकडं बघेल. बोलणार काही नाही. नुसती बघेल. तुला माहीत आहे तिचं बघणं.”

मला माहीत होतं. मी रस्त्याकडं बघितलं.

पुढच्या रविवारी त्यानं चमचा न वाजवता भात ठेवायचं ठरवलं. कसला काय. आम्ही माळावर दिसलो तेव्हाच झाडं हलायला लागली. त्यांना आता चमच्याची गरज उरली नव्हती, त्यांना केशवच पाठ होता. हुप्प्यानं येऊन सॅकचा पट्टा धरला आणि दात दाखवले. केशवनं डबा तिथंच उपडा केला आणि आम्ही दोन म्हातारे शोभणार नाही अशा चालीनं निघालो. त्यापुढच्या रविवारी त्यानं भात पाण्यात सोडला, म्हणजे मासे खातील. पण डबा हातात दिसला तसा कळप काठावर आला, आणि पाण्यात काही मिळेना म्हणून पलीकडं नुकत्याच चढून आलेल्या द्वारकाबाईंच्या शेळ्यांवर घसरला. द्वारकाबाई डाव्या हातानं दगड मारत होत्या. एकही लागत नव्हता.

“दुसऱ्या तळ्यावर ठेव,” मी म्हणालो.

“नवस या काठाचा आहे.”

म्हणजे भात वर न्यायचाच नाही आणि घरी परतही आणायचा नाही, एवढंच उरलं. त्यापुढच्या रविवारी माळाच्या अलीकडं सागाच्या रानात केशव थांबला. मला म्हणाला, “तू जरा वाटेकडं तोंड कर.” मी केलं, आणि मग अर्थातच वळून बघितलं. झाडाच्या बुंध्याला टेकून, पायातले बूटही न काढता, तो नवसाचा दहीभात स्वतः खात होता. भराभर, चोरानं खावा तसा. आसरांच्या आधी तोंड लावलेला नैवेद्य. ज्याचे आजोबा मुंगीनं शिवलेला पेढा बाजूला काढायचे, त्यांचा नातू. खाता खाता थांबला.

“काय रे?” मी म्हणालो.

“मीठ नाही यात.”

बरोबरच होतं. नैवेद्य चाखायचा नसतो, तेव्हा वहिनी अंदाजानं कालवत असणार. मी म्हणालो, “म्हणजे दोन वर्षं आसरा अळणी खातायत आणि एकीनं तक्रार केली नाही. तुझ्या खात्यात असायला हव्या होत्या.”

तो हसला नाही. पाणी प्यायला आणि उरलेला संपवला.

संध्याकाळी वहिनींनी विचारलं, “आल्या का?”

“आल्या.”

असं त्यानं तीन रविवार केलं. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही अशी माझी कॉलनीत कीर्ती आहे आणि ती मी मेहनतीनं मिळवली आहे. ही गोष्ट राहिली. वहिनी जिन्यात दिसल्या की मी चप्पल विसरल्यासारखं करून घरात परत जायचो. केशवचं तर काही खरं नव्हतं. रोज संध्याकाळी पुण्याला फोन व्हायचा, वैदेही बरी आहे एवढं ऐकलं की तो गच्चीवर जाऊन उभा राहायचा. एकदा मला म्हणाला, “बरी आहे म्हणाली की मला जास्त भीती वाटते. वाटतं, त्यांना अजून कळलेलं नाही.”

“कुणाला?”

त्यानं गच्चीवरच्या टाकीचं झाकण उचलून आत पाणी बघितलं.

आठव्यात एका मंगळवारी सकाळी केयूरचा फोन आला. वैदेहीला रक्त जायला लागलं म्हणून दवाखान्यात ठेवलं होतं. वहिनींनी फोन ठेवला आणि केशवकडं वळल्या. मी तिथंच होतो, पेपर मागायला गेलो होतो.

“परवाच्या रविवारी ठेवला होतात ना?”

“ठेवला होता.”

“आल्या होत्या ना?”

“आल्या होत्या, उमा.”

वहिनी आत गेल्या. पुण्याची पिशवी भरली. मग स्वयंपाकघरातून भात कालवल्याचा आवाज आला. बाहेर येऊन म्हणाल्या, “भावजी, गाडी काढा. आधी तळं, मग पुणं. आज मी स्वतः ठेवणार.”

“अगं, तुझे गुडघे,” केशव म्हणाला. “पुण्याला उशीर होईल.”

“तिथं तिची आई आहे. इथं कोण आहे?”

 वाटभर डबा वहिनींच्या मांडीवर होता. डोंगर चढताना त्या काठी टेकत जात, दर दहा-वीस पावलांवर दगडावर बसत आणि पुन्हा उठत.  सागाच्या रानात त्या नेमक्या बुंध्यापाशी आलो तेव्हा त्याचा श्वास माझ्यापेक्षा मोठ्यानं ऐकू येत होता.

तळं थंडीनं आकसलेलं, कडेला चिखलाच्या भेगा. उंबराखाली द्वारकाबाई होत्या. प्लास्टर मळून काळं झालेलं. शेळ्या काठाशी. वहिनींना त्यांनी ओळखलं आणि डावा हात उंच केला. वहिनींचं तिकडं लक्ष नव्हतं. त्या काळ्या दगडापाशी गेल्या, डोक्यावरून पदर घेतला, डबा ठेवला आणि केशवनं सांगितलं होतं तसा चमचा वाजवला.

टण टण टण.

झाडं हलली. पण मी झाडांकडं बघत नव्हतो, वहिनीही नव्हत्या. आवाज झाला त्या क्षणी पलीकडं द्वारकाबाई खाली बसल्या. बसल्या म्हणजे कोसळल्यासारख्या. गुडघे पोटाशी घेतले, प्लास्टरचा हात छातीखाली दडवला, आणि दुसऱ्या हातानं डोक्यावर घोंगडी ओढून घेतली. विजेच्या कडकडाटाला पोर बसावं तशी ती एवढी उंच बाई एवढीशी होऊन बसली. तिच्या अंगावरून उड्या मारत कळप आमच्याकडं आला.

वहिनींचा चमचा हातातच राहिला.

“त्या अशा का बसल्या?” त्यांनी विचारलं.

केशव म्हणाला, “उमा, त्यांचा हात यांनीच मोडला. वानरांनी. या आवाजामुळं. आपल्या डब्यापायी.” आणि मग थांबता येईना तसं सगळंच बोलला. शाळेच्या थाळ्या, साहेबराव, सागाचा बुंधा. “तीन रविवार मी खाल्ला. नैवेद्य मी खाल्ला. आसरांना काही मिळालेलं नाही.”

हुप्प्या हातभर अंतरावर येऊन बसला होता. डब्याकडं बघत होता. वहिनी त्याच्याकडं बघत होत्या. 

वहिनींनी डब्याचं झाकण दाबून लावलं. डबा पदराखाली घेतला, आणि तळ्याच्या कडेकडेनं चिखलातून द्वारकाबाईंकडं चालायला लागल्या. कळप मागं मागं. हुप्प्यानं एकदा पदर ओढला. वहिनींनी त्याच्या अंगावर काठी आपटली आणि अशी शिवी दिली की ती मी या वयात प्रथमच ऐकली, तीही वैजापूरकरांच्या घरातून. तो मागं सरकला.

द्वारकाबाईंच्या शेजारी बसून त्या म्हणाल्या, “द्वारकाबाई, खाल्लंत का काही?”

घोंगडीतून आवाज आला, “घरला जाऊन खाईन, ताई. हितं काय उघडू नका. पाया पडते.”

वहिनी तशाच बसून राहिल्या, झाकलेल्या डब्यावर दोन्ही हात ठेवून. द्वारकाबाईंच्या कमरेला तो लाडवांचा डबा बांधलेला होता, चिंध्यांनी गुंडाळून, वाजू नये म्हणून. वहिनींनी तो ओळखला. त्यांनी पाण्याकडं बघून ओठ हलवले. काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, आणि मी विचारायचं धाडस केलं नाही.

नैवेद्य खाली परत आला. येऊ नये तो आला. वाडीत शिरल्यावर केशव आमच्या पुढं गेला, साहेबराव रात्रपाळी करून येऊन मोटरसायकल पुसत होता तिथं थांबला, आणि म्हणाला, “तो खायला घालणारा मी.” साहेबरावानं त्याच्याकडं पाहिलं, प्लास्टरकडं पाहिलं, फडकं झटकलं आणि पुन्हा पुसायला लागला.  केशव नंतर मला म्हणाला, तंगडं मोडलं असतं तर बरं झालं असतं.

मी दोघांना पुण्याच्या एसटीत बसवून दिलं. खिडकीतून दिसलं, वहिनींनी पिशवी मधल्या जागेवर ठेवली होती, दोघांच्या मध्ये.

त्याच रात्री मुलगी झाली. महिनाभर आधीच. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली आहे. नळ्या आहेत. डॉक्टर अजून नक्की काही बोलत नाहीत. वैदेही सावरतेय. वहिनी तिथंच राहिल्या. केशवला त्यांनी चौथ्या दिवशी परत पाठवलं. म्हणाल्या, इथं तुमचं काम नाही, तिथं आहे.

आता तो रोज एसटीनं जातो. माझ्या गाडीनं सोडतो म्हटलं तर नको म्हणाला. दुपारी वाडीच्या शाळेच्या भिंतीपाशी काठी घेऊन उभा राहतो, पोरांच्या थाळ्या वाजून होईपर्यंत. मग डोंगर चढतो आणि द्वारकाबाई जेवतात तेवढा वेळ त्यांच्याकडं पाठ करून झाडांकडं तोंड करून बसतो. त्यांनी त्याला गोफण शिकवायला घेतली. पहिला दगड मागं गेला, शेळीला लागता लागता राहिला. “भाऊ,” त्या म्हणाल्या, “तुमी नुसती काठीच धरा.” वानरांना विसरायला लावायचं तर कोणी काही देता कामा नये आणि कोणी भिता कामा नये, असं त्याचं म्हणणं. किती दिवस लागतील ते त्याला माहीत नाही. साहेबरावानं पकडणारी माणसं अजून बोलवलेली नाहीत. नाही बोलवणार असंही म्हणालेला नाही.

काल संध्याकाळी मी त्याच्याकडं बसलो होतो तेव्हा वहिनींचा फोन आला, त्यानं तो स्पीकरवर लावला. दोघं फार बोलत नाहीत हल्ली.

“आल्या का?” वहिनींनी विचारलं.

 “आल्या,” तो म्हणाला. “पण उंबरावरच बसून होत्या. खाली दोनच उतरल्या.”

“द्वारकाबाई जेवल्या?”

“अर्धी भाकर. फडक्यातून.”

पलीकडून दवाखान्यातले आवाज येत होते, चाकं, कोणाची तरी हाक.

“बाळ?” केशवनं विचारलं.

“मूठ उघडली आज,” वहिनी म्हणाल्या. “परत मिटली. उद्या वेळेवर जा.”

आणि फोन ठेवला.